कोलकाता, तिसऱ्यांदा: यादी करू की पाय नेतील तिकडे जाऊ?

चिंचोका | ५ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून तीन दिवस धुसफूस चालू आहे.

जानेवारीत कोलकात्याला चाललोय. शनिवारी १० तारखेला पोचायचं, शुक्रवारी १६ला रात्री निघायचं. माझी ही तिसरी खेप. सोबत नवरा, मुलगी (वय १४, सध्या कशातच रस नाही) आणि आई (वय ७१, सगळ्यात रस आहे, गुडघे मात्र ऐकत नाहीत).

पहिली खेप २००८ची. ऑफिसच्या कामाला सॉल्ट लेकला तीन आठवडे होते. एका शनिवारी एस्प्लनेडला चुकीच्या ट्राममध्ये बसले. कंडक्टरने काहीतरी विचारलं, मी मान डोलावली, आणि उतरले तेव्हा श्यामबाजार आलं होतं. तिथून पावसात चालत चालत कुमारटुलीत, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत शिरले. ऑगस्ट होता. गल्लीच्या दोन्ही अंगांना गवताच्या पेंढ्यांच्या दुर्गा उभ्या, कुणाला डोकं नाही, कुणाचे दहातले चारच हात झालेले. एका कारागिराने स्टूल पुढे सरकवलं आणि मातीच्या भांडातला चहा हातात दिला. पाऊस थांबेपर्यंत दीड तास तिथे बसून होते. या गावावर माझा जीव जडला तो तिथे.

दुसरी खेप २०१६च्या डिसेंबरात, नवऱ्याबरोबर. मुलीला सांभाळत आई घरी राहिली होती (त्याचं व्याज ती आता वसूल करते आहे). मी एक्सेलमध्ये २३ ओळींची यादी केली होती. हसू नका, पण त्यात एक ओळ होती: 'स. ९:३० – ट्राम (चुकीची)'. कुमारटुलीत पोचलो तर माझ्या त्या गल्लीत एक कुत्रं झोपलेलं, बाकी शुकशुकाट. चहाची टपरी गायब. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "तू मला कोलकाता दाखवत नाहीयेस, तुझं २००८ दाखवते आहेस." आम्ही परतेपर्यंत नीट बोललो नाही.

आता मी म्हणते यादीच नको. तो म्हणतो, आई सोबत आहेत, तासातासाचं ठरवलंच पाहिजे. एकाच गावी पुन्हा पुन्हा जाणारे तुम्ही लोक काय करता? किती बांधता, किती मोकळं सोडता?

---

भटकभवानी | ५ नोव्हेंबर, रात्री ११:३२

यादी फाडून टाक. तिसऱ्यांदा जाणाऱ्याला काय पाहायचं राहिलंय? हॉटेल बुक कर आणि रोज सकाळी बाहेर पडून डावीकडे वळ. दुसऱ्या दिवशी उजवीकडे.

---

खवचट | ५ नोव्हेंबर, रात्री ११:४०

आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्यांना विचारून. 😀

'ट्राम (चुकीची)' या ओळीला दंडवत. पुढच्या एक्सेलमध्ये 'दु. ४ ते ६: उत्स्फूर्तपणा (चहासह)' अशीही ओळ टाका.

---

पॅसेंजर | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

बाकीचं तुम्ही नंतर भांडा. गाडीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० झाले. शनिवारी १०ला पोचायचं म्हणजे शुक्रवारी ९ची गीतांजली, सकाळी सहाला सीएसएमटीहून. ९ जानेवारीचं आरक्षण १० नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल, म्हणजे या सोमवारी. परतीची १६ची मेल (नागपूरमार्गे जाणारी) १७ नोव्हेंबरला. दोन गजर लावून ठेवा. आईंचं वय नीट भरा, खालचा बर्थ मिळायची शक्यता वाढते. चौघांची तिकिटं एकत्र काढायच्या हट्टापायी त्यांना वरचा बर्थ देऊ नका, त्यांचं वेगळं काढलं तरी चालतं.

डोंबिवली-कल्याणकडचे असाल तर पहाटे सीएसएमटी गाठायची गरज नाही, ती कल्याणला थांबते.

अवांतर: गीतांजली १९७७ साली सुरू झाली तेव्हा तिला वर्गच नव्हते, सगळे डबे सारखे. आता एसी आणि स्लीपरवाले एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

---

चिंचोका | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

@पॅसेंजर, डोंबिवलीच! तुम्ही कसं ओळखलंत? गजर लावला. हे एवढं तरी घरात एकमताने पास झालं.

---

वेळच्या_वेळी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

भटकभवानीताईंचा सल्ला विशीतल्या पायांसाठी ठीक आहे. वयस्कर माणूस बरोबर असताना "बघू काय ते" म्हणणं म्हणजे सगळी दगदग त्याच्या माथी मारणं. आम्ही सासऱ्यांना घेऊन एका गावात असेच 'मोकळे' फिरलो. दुपारी दोनला जेवायला जागा मिळेना, त्यांची साखर उतरली, पुढचे दोन दिवस खोलीत गेले. तेव्हापासून मी दुपारचं जेवण आणि स्वच्छतागृह या दोन गोष्टी आधी कागदावर लिहिते. बाकी तुम्ही आकाशात उडा.

---

भटकभवानी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

मान्य. माझ्या बरोबर कधी कुणी म्हातारं माणूस आलंच नाही, हेही मान्य.

---

रोमन_सुट्टी_नाही | ६ नोव्हेंबर, दुपारी १:०२

कोलकाता पाहिलं नाही, पण मी मिलानला राहतो आणि रोमला दरवर्षी पाहुणे घेऊन जातो, त्यामुळे दुखणं ओळखीचं आहे. तिथे बोर्गेझे गॅलरीत वेळ आधी ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत. दोन तासांचा पास, वेळ संपली की बाहेर. सोमवारी बंद. त्यामुळे ती एक गोष्ट ठरवतो. पँथिऑन, नदीकाठ, त्रास्तेवेरेच्या गल्ल्या यांचं काही ठरवत नाही, कारण त्या कुठे पळून जात नाहीत. पाहुणे मात्र पळतात. एकदा एक काका बोर्गेझेच्या वेळेला आइस्क्रीमच्या रांगेत सापडले होते.

---

हुगळीकाठ | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४८

उशिरा पोचलो. मी २२ वर्षं इथेच आहे, त्यामुळे थोडं लांबण लावणार, सांभाळून घ्या.

चिंचोकाताई, तुमच्या दुसऱ्या खेपेचा घोटाळा माझ्या मते यादीमुळे झालाच नाही. यादीत तुम्ही चुकीच्या गोष्टी घातल्यात. आपोआप घडलेल्या गोष्टी कागदावर घेतल्यात, आणि ज्या गोष्टींना खरंच तारीख-वार असतो त्या सोडून दिल्यात. कुमारटुलीत वर्षभर काही ना काही चालू असतं, पण ऑगस्टातली कुमारटुली ऑगस्टातच. रथयात्रेला सांगाड्याची पूजा होते, महालयेला (म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येला) देवीचे डोळे रेखतात, मधल्या काळात माती. डिसेंबरात तुम्ही ऑगस्ट शोधत होतात.

म्हणून माझ्याकडे पाहुणे आले की मी एकच नियम सांगतो. आठवणीतल्या जागा यादीत घालायच्या नाहीत. घड्याळातल्या घालायच्या. आणि दिवसाला एकच खुंटी ठोकायची. बाकीचा दिवस तिच्यावर सैल टांगायचा.

आता तुमच्या तारखांमधल्या खुंट्या:

रविवार ११ला पहाटे टिरेटा बाजार, पोद्दार कोर्टाच्या मागे. तिथला चिनी नाश्ता साडेसहाला पोचलात तर मिळेल, आठनंतर आवराआवर. रविवारी जास्त टपऱ्या असतात. गरम मोमो, पाव, माशाच्या गोळ्यांचं सूप. आई शाकाहारी असतील तर तिथे त्यांना फक्त गंमत पाहायला मिळेल. त्याच रविवारी कॉलेज स्ट्रीट ठेवू नका, पुस्तकांची बहुतेक दुकानं बंद असतात.

सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं बंद, इंडियन म्युझियम बंद, जोडासाँकोची ठाकूरबाडी, म्हणजे रवींद्रनाथांचा वाडा, तोही बंद. सोमवार मोकळा ठेवा असं मी सांगत नाही, तो तसाही मोकळाच आहे.

मार्बल पॅलेस बघायचा असेल तर पर्यटन खात्याकडून आधी परवानगीचा कागद काढावा लागतो. सोमवार आणि गुरुवार बंद. १८३५ची हवेली आहे, मल्लिक घराण्याची, कुटुंब अजून तिथेच राहतं. फोटो काढू देत नाहीत. तुमच्या मुलीला ही शिक्षा वाटेल.

बेलूर मठ आणि दक्षिणेश्वर दोन्ही दुपारी बंद असतात. बाराला पोचणारे महाराष्ट्रीय मी बावीस वर्षं बघतोय. एक सकाळी करा, मधे नदी होडीने ओलांडा, दुसरं चारनंतर.

आणि १४ला संक्रांत. गंगासागरला जाणारे साधू आणि यात्रेकरू बाबूघाटाला तळ ठोकून असतात. त्या आठवड्यात बाबूघाटाहून सुबक शांत नौकाविहार वगैरे डोक्यातून काढून टाका. पण बघायला जरूर जा.

अवांतर: बागबाजारात एक 'मराठा डिच लेन' आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला आणि मराठे इकडे फिरकलेच नाहीत. पुढे तो बुजवून रस्ता केला. यजमानांना अतिनियोजनाचं उदाहरण म्हणून दाखवा.

---

खवचट | ६ नोव्हेंबर, रात्री ११:१५

आपल्यामुळे एका शहराला रस्ता मिळाला हे वाचून ऊर भरून आला.

---

चिंचोका | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

@हुगळीकाठ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. 'खुंटी' शब्द त्याला फार आवडला. तो लगेच म्हणाला, दिवसाला तीन खुंट्या. भाव करून दीडवर आलोय.

खंदकाचा किस्सा त्याला मुद्दाम दोनदा वाचून दाखवला. त्याचं माहेर नागपूर.

---

पॅसेंजर | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:००

पुरुषांना माहेर असतं हे आवडलं.

ट्रामचं सांगायचं राहिलं. १८७३ला घोड्यांची ट्राम, १९०२ला विजेची, एवढी जुनी परंपरा, आणि २०२४च्या सप्टेंबरात सरकारने जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढा वारसा म्हणून ठेवून बाकी बंद करणार. प्रकरण उच्च न्यायालयातही आहे. मोजके मार्ग धडपडत चालू असतात. 'परत येऊन बसू' असं म्हणून मी २०११ला एक मार्ग सोडला, तो मार्गच आता नाही. पिवळ्या अँबॅसडर टॅक्सीचं तेच. उत्तरपाड्याच्या कारखान्यात गाडी बनणं २०१४ला थांबलं आणि पंधरा वर्षांच्या नियमाने जुन्या एकेक करून निघताहेत. म्हणून हुगळीकाठ यांच्या घड्याळात अजून एक काटा जोडा: जे संपत आलंय ते आधी.

उलट नवीनही आहे. हावडा मैदानापासून सॉल्ट लेक सेक्टर ५ पर्यंत मेट्रो ऑगस्ट २०२५ मध्ये सलग झाली. हुगळीखालचा ५२० मीटरचा बोगदा ४५ सेकंदांत पार होतो. २००८ला तुम्ही सॉल्ट लेकहून हावड्याला किती वेळात जात होतात?

---

चिंचोका | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

दीड तास, घामासकट.

---

अर्धा_कप | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:४४

धाग्यात अजून कोणी नोलेन गुड म्हटलं नाही?? खजुराच्या रसाचा नवा गूळ, फक्त थंडीत. जानेवारीचा मधला आठवडा म्हणजे तुम्ही ऐन हंगामात चाललाय. त्यातले संदेश एरवी मिळतात तसे नसतात, रंगच तांबूस असतो. शिवाय संक्रांतीला पिठे: पाटीशाप्टा, म्हणजे आपल्या घावनाच्या आत खोबरं-गूळ घालून वळकटी. कोकणातल्या माणसाला पहिल्या घासाला घरी आल्यासारखं वाटतं.

आणि एक खुंटी न्यू मार्केटमधल्या नाहूमला, १९०२पासूनची यहुदी बेकरी. दुपारनंतर हवा तो केक उरत नाही.

मिठाईच्या दुकानांची यादी मुद्दाम देत नाही. ज्या दुकानात सकाळी कचोरीसाठी ऑफिसची माणसं उभ्याने खाताहेत तिथे शिरा.

---

नातीची_आजी | ७ नोव्हेंबर, सायं. ६:२०

सगळे आईंच्या गुडघ्यांबद्दल बोलताय. आईंना कोणी विचारलं का?

मी ७४ची आहे. मुलाबरोबर फिरते. मला आदल्या रात्री दोन गोष्टी कळल्या की झालं: सकाळी किती वाजता उठायचं आणि वाटेत बसायला कुठे मिळेल. त्यापुढे कुठे नेताय याने मला फरक पडत नाही, सगळंच नवीन आहे. राग येतो तो "आई, तू खोलीवर आराम कर, आम्ही जरा जाऊन येतो" याचा. आराम घरी होतो.

तुमच्या आईला एक जागा निवडू द्या. आणि ती निवडेल ती तुम्हाला कंटाळवाणी वाटली तरी तोंड वाकडं करू नका.

---

वेळच्या_वेळी | ७ नोव्हेंबर, सायं. ६:४०

आजींना +१००.

---

चिंचोका | ८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

आजी, तुमचं वाचून लाज वाटली. आत्ता विचारलं. आई म्हणाली, "मला नदीत बसून गाव बघायचं आहे." म्हणजे होडीत. तिला वाटतं मी हे आधी विचारायला हवं होतं.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, "जिथे तू रडत नाहीस अशी कुठलीही जागा." (२०१६ला परत आल्यावर कुमारटुलीवरून मी रडले होते हे तिला कुणी सांगितलं?)

तर ठरलेलं असं: रविवार टिरेटा. सोमवार नदी. मंगळवार जोडासाँको. बुधवार काहीच नाही. गुरुवार बेलूर-दक्षिणेश्वर. शुक्रवार सकाळी मार्बल पॅलेस, परवानगी नवरा काढणार, मग न्यू मार्केट आणि गाडी. कुमारटुली यादीत नाही. लिहिताना हात थरथरला.

---

हुगळीकाठ | ८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

उत्तम. नदीसाठी नौकाविहार वगैरे करू नका. हावडा घाटावरून बागबाजारकडे जाणारी साधी फेरी घ्या. मधे अहिरीटोला, शोभाबाजार असे घाट लागतात. आपल्या भाऊच्या धक्क्यासारखं समजा, फक्त पाणी गोडं. घाटाच्या पायऱ्यांऐवजी जेटीचा उतार मिळतो, पण ओहोटीला तो चांगला तिरका होतो. आईंचा हात धरा.

---

*(मधले काही प्रतिसाद गीतांजलीतल्या जेवणावरून भरकटले.)*

---

चिंचोका | २० जानेवारी २०२६, रात्री १०:१५

परत आलो. ज्यांनी ज्यांनी सल्ले दिले त्यांना हिशोब द्यायलाच हवा.

टिरेटा: सहा पस्तीसला पोचलो. जी मुलगी घरी दहाला उठते तिने तीन टपऱ्यांवर खाल्लं, चौथ्या टपरीवर काकांना खुणेने विचारून पाव कसा वळतात ते पाहिलं. आई कोपऱ्यावर चहा घेत बसली आणि तिने तासाभरात एका बाईकडून तिच्या सुनेची सगळी कहाणी ऐकली. कुठल्या भाषेत, ते विचारू नका. हिंदीत नाही, कारण आईला येत नाही.

सोमवार: हावडा घाटावरून फेरी. डावीकडे गंजलेली गोदामं, उजवीकडे घाटांमागून घाट, अंघोळी, धुणी, कुणी नुसतंच पाण्याकडे बघत बसलेलं. निमतल्याच्या स्मशानातून धूर निघत होता. आईने विचारलं हे काय, मी सांगितलं. बराच वेळ गप्प होती. बागबाजारला उतरलो, तर म्हणाली, "पुन्हा." परत हावडा. तिथे उतरलो, तर "अजून एकदा." अशा आम्ही चार फेऱ्या मारल्या. चौघांचं तिकीट इतकं स्वस्त की नवरा हिशोब लिहायचा थांबला. दुसऱ्या फेरीत मी कंटाळले होते, तिसऱ्या फेरीत कंटाळा गेला. मुलगी मोबाइल खिशात ठेवून नाकासमोर बघत होती. आजी, तोंड वाकडं केलं नाही, हे नोंदवते.

दुसऱ्या दिवशी जोडासाँको. १८६१ला रवींद्रनाथ जिथे जन्मले ती खोली आणि १९४१ला जिथे गेले ती खोली एकाच वाड्यात. तिथल्या पाटीसमोर आई थांबली आणि विचारलं, "मग यांना कुठे नेलं?" निमतला. म्हणाली, "म्हणजे काल आपण शेवट बघितला, आज सुरुवात." हे कुठल्याही यादीत या क्रमाने बसलं नसतं, कारण मी यादी केली असती तर आधी जोडासाँको लिहिलं असतं.

बुधवार, 'काहीच नाही'. संक्रांत. आईने घरून तिळगुळाचा डबा आणला होता, गेस्ट हाउसच्या काकिमांना दिला. वाटणं तिचं आणि बोलणं माझं, 'तिळगूळ घ्या गोड गोड बोला'चं बंगाली करायला मीच उभी. काकिमा आत गेल्या आणि ताटलीभर पाटीशाप्टा घेऊन आल्या. @अर्धा_कप, घावन, तंतोतंत! आई त्यांना घावनाचं प्रमाण सांगू लागली, त्या आईला दुधाचं. मी मधे दुभाषी होते ती दोन मिनिटांत बेकार झाले.

मग दुपारी करायला काही नव्हतं म्हणून बाहेर पडलो. शोभाबाजारला मेट्रोने उतरलो, नदीकडे चाललो होतो, आणि मुलगी एका गल्लीत वळली. मला माहीत होतं ती गल्ली कुठे जाते. गप्प राहिले.

कुमारटुलीत जाल तिकडे सरस्वती. २३ला वसंतपंचमी, त्यामुळे गल्ल्या पांढऱ्या हंसांनी भरलेल्या. हातभर उंचीच्या, पुरुषभर उंचीच्या, रांगेने वाळत ठेवलेल्या, अजून रंग नाही. एक पोरगा नुसत्या वीणा करत होता, एकामागून एक, बांबूच्या कामटीवर माती थापून. मुलगी त्याच्या समोर पाऊण तास बसली. स्टूल कुणी दिलं नाही, ती उकिडवी बसली होती. चहासुद्धा कुणी दिला नाही. २००८ची गल्ली कुठली हे मला ओळखूच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायचं सुचलं नाही. नवऱ्याने माझ्याकडे दोनदा चोरून पाहिलं. मी रडले नाही.

गुरुवार. इथे @हुगळीकाठ यांनी कपाळाला हात लावावा. बेलूरला जायचं होतं ते नवऱ्याने आदल्या रात्री बदललं, कारण बुधवारच्या भटकंतीने तो उत्साहात आला होता. "मार्बल पॅलेस उद्याच उरकू, शुक्रवार मोकळा होईल." परवानगीचा कागद खिशात, टॅक्सी थेट दारात. गुरुवार! फाटक बंद. कागदावर तारीख शुक्रवारची होती, तीही त्याने पाहिली नव्हती. ज्या माणसाला तासातासाचं हवं होतं त्याने सहलीतला सर्वात उत्स्फूर्त निर्णय घेतला आणि तो असा निघाला.

मग तिथून चितपूर रोडने चालत सुटलो. जात्रा (बंगाली लोकनाट्य) कंपन्यांच्या कचेऱ्या, बाहेर भडक पोस्टरं, पुढे लालबाजारच्या अंगाला सतार-तबल्याची दुकानं. आईला दर अर्ध्या तासाने बसायला लागत होतं आणि दर दुकानदार स्टूल देत होता. नवरा एका दुकानात इसराज (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) ऐकत बसला, त्याला वाजवता काहीच येत नाही. बेलूर राहिलं. शुक्रवारी मार्बल पॅलेस झाला, मुलीने अपेक्षेप्रमाणे शिक्षा भोगली.

ट्राम: एस्प्लनेडला वीस मिनिटं थांबलो, आली नाही. आईचे पाय दुखायला लागले, टॅक्सी केली. पिवळी होती, तेवढं समाधान. @पॅसेंजर, तुमचा काटा मला पाळता आला नाही. ट्राम पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

निघताना काकिमांना आई म्हणाली, "येते हं." मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर काकिमाच म्हणाल्या, "आशि बोलते होय." म्हणजे त्यांच्याकडेही 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते'च म्हणायचं. दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की मलाच हे ठाऊक नव्हतं. नव्हतंच.

---

नातीची_आजी | २१ जानेवारी, सकाळी ७:३०

चार फेऱ्या! तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

---

भटकभवानी | २१ जानेवारी, सकाळी ९:१२

बुधवार माझा, गुरुवारही माझाच. बाकीचे दिवस वेळच्या_वेळी काकूंचे. मी जिंकले असं धरून चालते.

---

वेळच्या_वेळी | २१ जानेवारी, सकाळी ९:२५

गुरुवारी त्या बंद फाटकासमोर उभं राहायला लागलं ते कुणामुळे?

---

हुगळीकाठ | २१ जानेवारी, रात्री ११:०५

गुरुवार ठळक अक्षरांत लिहिला होता हो मी. असो. इतक्या वर्षांत त्या फाटकाबाहेर भेटलेली मराठी कुटुंबं मोजली तर एक मंडळ काढता येईल.

सरस्वतीचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. कुमारटुली तुम्ही यादीतून काढलीत तेव्हा बोटं शिवशिवली होती.

---

अर्धा_कप | २२ जानेवारी, दुपारी १२:१०

गूळ आणला का?

---

चिंचोका | २२ जानेवारी, दुपारी १२:४०

पाटाली गुळाच्या चार ढेपा. एक गाडीतच संपली. @हुगळीकाठ, तुम्ही लबाड आहात.

---

वेळच्या_वेळी | २२ जानेवारी, दुपारी १:१५

त्या गेस्ट हाउसचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? सासऱ्यांना घेऊन जायचं मनात आहे. लिफ्ट आहे का?

---

चिंचोका | २२ जानेवारी, दुपारी १:३०

लिफ्ट नाही, दोन जिने आहेत. मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवलेली असते. आई पहिल्या दिवशी तिच्यावर बसली, नंतर रोज संध्याकाळी काकिमाच तिथे तिची वाट बघत बसलेल्या असायच्या. व्यनि केला.